समुद्र नसलेल्या देशातल्या पोराने खडूने समुद्र शिकवला, पण माणसं बघताना तो चुकला

साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या झेडपी शिक्षकांचा एखादा व्हॉट्सअप ग्रुप उघडून बघा. जयंती असो, पुण्यतिथी असो, नाहीतर कुठला जागतिक दिवस असो, सकाळी सकाळी फलकलेखनाचे फोटो पडायला लागतात. साध्या काळ्या फळ्यावर रंगीत खडूने काढलेले शिवाजी महाराज, सावित्रीबाई, वाघ, झाड. आणि कधीतरी निळा देवमासा, त्याच्या खाली कासव, कोपऱ्यात तारामासा.

या देवमाशाची गंमत अशी की फळ्यासमोर बसलेल्या बऱ्याच पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांना किनारा नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरवर. पण ती पाठ फिरवते आणि सातारा, सांगली करत थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. सांगली जिल्ह्यात सागरेश्वर आहे, पण तिथे सागर नाही, हरणं आहेत. मग आटपाडीच्या नाहीतर दहिवडीच्या पोराला ऑक्टोपस दाखवायचा कसा? गुरुजी खडू उचलतात.

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? विशेष असं की साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने हेच करून अख्खी अमेरिका वेडी केली होती. तोही समुद्र नसलेल्या मुलखातला. त्याचं नाव लुई अगासी. पण त्याची गोष्ट इथेच संपली असती तर ती नुसती भारी गोष्ट झाली असती. तिला दुसरी बाजू आहे आणि ती बाजू आज त्याच्या कामाइतकीच, किंबहुना जास्त, बोलली जाते.

दोन्ही बाजू बघू.

दगडी टाक्यातले मासे

लुई अगासीचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या मोतिए नावाच्या छोट्या गावात झाला. वडील पाद्री. देश चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला, पण गाव तळ्याकाठी. घरामागे झऱ्याच्या पाण्याचं एक दगडी टाकं होतं. लुई आणि त्याचा भाऊ तळ्यातले मासे हातांनी पकडायचे आणि त्या टाक्यात आणून सोडायचे. कृष्णेच्या किंवा वारणेच्या काठावर वाढलेल्या कुणालाही हा उद्योग नवीन नाही.

फरक एवढाच की या पोराचं माशांचं वेड सुटलं नाही. घरच्यांना वाटत होतं त्याने डॉक्टर व्हावं. त्याने झुरिक, हायडेलबर्ग आणि म्युनिक अशा तीन विद्यापीठांत शिक्षण घेतलं, १८३० मध्ये वैद्यकीची पदवीही मिळवली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याचं ब्राझीलच्या माशांवरचं पुस्तक छापून आलं होतं. तेव्हा त्याने ब्राझील पाहिलाही नव्हता. दुसऱ्यांनी तिथून आणलेल्या नमुन्यांवरून त्याने ते लिहिलं होतं.

मग तो पॅरिसला गेला. तिथे जॉर्ज क्यूव्हिए हा त्या काळातला प्राणिशास्त्राचा सगळ्यात मोठा माणूस. त्याने या पोराचं काम बघितलं आणि जीवाश्म माशांवरची स्वतःची टिपणं त्याच्या हवाली केली.

त्या काळातला एक किस्सा फार सांगितला जातो. एका दगडात अडकलेला मासा अगासीला काही केल्या उलगडत नव्हता. तो मासा रात्री स्वप्नात पूर्ण दिसला, पण सकाळी सगळं विसरायला झालं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री गडी कागद आणि पेन्सिल उशाशी घेऊन झोपला. अर्धवट झोपेत, अंधारातच त्याने चित्र काढलं. सकाळी जाऊन दगड फोडला, तर आतला मासा चित्राशी जुळला.

स्वप्नाचं सोडा. पण यातून एक गोष्ट कळते, अगासीचा विचार चित्रातून चालायचा. १८३३ ते १८४३ अशी दहा वर्षं तो जीवाश्म माशांचं मोठं काम छापत राहिला. त्यासाठी जोसेफ डिंकल नावाचा चित्रकार वर्षानुवर्षं त्याच्यासोबत राबला. पहिली बायको सेसिल ब्राऊन स्वतः चित्रकार होती आणि तिनेही त्याच्यासाठी मासे रेखाटले. पुढे हा संसार मोडला. ती माहेरी गेली आणि १८४८ मध्ये वारली. तोवर अगासी अटलांटिकच्या पलीकडे पोहोचला होता.

शब्द अडला की खडू

मधली चौदा वर्षं तो स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल गावात प्राध्यापक होता. युरोपचा मोठा भाग कधीकाळी बर्फाखाली होता, ही हिमयुगाची कल्पना १८३७ मध्ये त्याने तिथेच जोरात मांडली आणि शास्त्रज्ञांच्या शिव्या खाल्ल्या. ती कल्पना पुढे खरी ठरली.

पण आपल्या विषयाची गोष्ट वेगळी आहे. न्यूशातेलमध्ये त्याने स्वतःच्या आणि मित्रांच्या लहान मुलांसाठीही वर्ग घेतला. हवा चांगली असली की वर्ग थेट टेकडीवर. तळं, नदी, बेट, दरी म्हणजे काय हे समोर दाखवून शिकवायचं. जे समोर नाही ते चित्रातून.

१८४६ मध्ये तो व्याख्यानांसाठी अमेरिकेत बोस्टनला गेला. अडचण एकच होती. इंग्रजी कच्चं. फ्रेंच आणि जर्मन बोलणाऱ्या माणसाला भर सभेत इंग्रजी शब्द आठवेना. मग तो काय करायचा? शब्द शोधत असतानाच खडू घेऊन फळ्याकडे वळायचा आणि प्राणी काढायला लागायचा. लोक चित्रात गुंगून जायचे, तेवढ्यात त्याला शब्द सापडायचा.

हळूहळू हीच त्याची खासियत झाली. तो प्राण्याचं तयार चित्र काढत नसे. अंड्यापासून सुरुवात करायचा. बोलता बोलता अंड्याची अळी, अळीचा कोष, कोषातून पूर्ण वाढलेला कीटक, असा प्राणी लोकांच्या डोळ्यांसमोर फळ्यावर वाढायचा. आज आपण टाइमलॅप्स व्हिडिओ बघतो, तसंच काहीसं. गर्दी एवढी व्हायची की तेच व्याख्यान दुसऱ्या श्रोत्यांसाठी पुन्हा द्यावं लागायचं. हार्वर्ड विद्यापीठाने त्याला प्राध्यापक केलं आणि तो कायमचा तिथलाच झाला.

घराच्या माडीवरची शाळा

१८५० मध्ये त्याने एलिझाबेथ कॅरीशी लग्न केलं. ही बाई या गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र आहे. नवरा पुस्तकांवर आणि नमुन्यांवर पाण्यासारखा पैसा घालवणारा, घरावर कर्ज. १८५५ मध्ये एलिझाबेथने केंब्रिजमधल्या राहत्या घराच्या माडीवर मुलींची शाळा काढली. आठ वर्षं ती चालली आणि कर्ज फिटायला तिचा मोठा हातभार लागला.

या शाळेत अगासी रोज एक तास घ्यायचा. हातात नमुना, मागे फळा. हार्वर्ड कॉलेजात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, पण हार्वर्डचा सगळ्यात गाजलेला प्राध्यापक त्या मुलींना प्रवाळ आणि जेलीफिश शिकवत होता.

एलिझाबेथ ते तास मन लावून ऐकायची, टिपणं काढायची. त्यातूनच १८५९ मध्ये तिने मुलांसाठी छोटं पुस्तक लिहिलं. विषय होता समुद्रफूल, प्रवाळ, जेलीफिश, तारामासा. पुढे मुलींना हार्वर्डच्या प्राध्यापकांकडून शिकता यावं म्हणून धडपडणाऱ्यांमध्ये ती पुढे होती आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रॅडक्लिफ कॉलेजची ती पहिली अध्यक्ष झाली.

तीन दिवस एकच मासा

अगासीची शिकवण्याची दुसरी पद्धत त्याच्या विद्यार्थ्यांना घाम फोडायची. सॅम्युअल स्कडर नावाचा विद्यार्थी कीटक शिकायला आला. अगासीने त्याच्यासमोर दारूत जपून ठेवलेला मेलेला मासा ठेवला, बघत बस म्हणून सांगितलं आणि निघून गेला. भिंग वापरायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही.

दहा मिनिटांत स्कडरला वाटलं, बघून झालं. गुरुजींचा पत्ता नाही. एक तास गेला, दोन तास गेले. कंटाळून त्याने खवल्यांच्या ओळी मोजल्या, माशाच्या तोंडात बोट घालून दात चाचपले. शेवटी वेळ जावा म्हणून तो माशाचं चित्र काढायला बसला. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आतापर्यंत न दिसलेल्या गोष्टी आता दिसायला लागल्यात. नेमकं तेवढ्यात अगासी आला आणि चित्र काढतोय हे बघून खूश झाला. तरीही तोच मासा तीन दिवस चालला.

वर्षभराने विद्यार्थी संग्रहालयातल्या फळ्यावर खडूने टवाळक्या करत होते. नाचणारे तारामासे, छत्री धरून शेपटीवर उभे राहिलेले झिंगे, कुस्ती खेळणारे बेडूक आणि जबडा वासलेले विचित्र मासे. अगासी आला, हसला, माशांकडे नीट बघितलं आणि ते कुठल्या जातीचे आहेत आणि कुणी काढलेत ते सांगून मोकळा झाला. स्कडरला तो मासा इतका पाठ झाला होता की गंमत म्हणून काढायला गेला तरी हातातून तोच उतरायचा.

फलकलेखन करणाऱ्या प्रत्येक शिक्षकासाठी यात एक कानमंत्र आहे. चित्र काढायचं तर आधी नीट बघावं लागतं. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते, कारण नाव देवमासा असलं तरी तो मासा नाही, आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे. एकदा फळ्यावर दोन शेपट्या शेजारी काढा, पोरं आयुष्यभर विसरणार नाहीत. तारामासाही मासा नाही. गंमत म्हणजे अगासी तारामासा आणि जेलीफिश यांना एकाच मोठ्या गटात धरायचा, कारण दोन्ही गोलाकार रचनेचे. आज आपल्याला माहीत आहे की तारामाशाचं नातं जेलीफिशपेक्षा आपल्याशी जवळचं आहे.

आणखी एक. निसर्गात सापडणारा पांढरा खडू मुळात समुद्रातूनच येतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या समुद्री जिवांची कवचं लाखो वर्षं तळाशी साचून त्याचे थर झाले. आज शाळेत मिळणारा खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो, पण अगासीच्या काळात खडूने समुद्र काढणं म्हणजे समुद्रानेच समुद्र काढणं होतं.

आणि आता दुसरी बाजू

एवढा बारकाईने बघणारा माणूस. त्याने माणसांकडे कसं बघितलं?

१८४६ मध्ये अमेरिकेत आल्या आल्या फिलाडेल्फियाच्या हॉटेलात त्याने पहिल्यांदा मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय माणसं जवळून पाहिली. ते तिथे वाढपी होते. त्यांना बघून आपल्याला किती किळस वाटली हे त्याने आईला पत्रात कळवलं. १८८५ मध्ये एलिझाबेथने त्याचं चरित्र छापलं, तेव्हा पत्रातला तो भाग गाळला. तो मजकूर लोकांसमोर यायला विसावं शतक सरत आलं.

पत्रात व्यक्त झालेला हा तिरस्कार पुढे त्याच्या विज्ञानात शिरला. वेगवेगळ्या वंशाची माणसं एकाच मुळातून आलेली नाहीत, ती वेगवेगळी निर्माण झाली आहेत आणि त्यांची पायरी सारखी नाही, असं तो मांडायला लागला. गुलामगिरीला आपला पाठिंबा नाही असं तो म्हणायचा. पण १८५४ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी वंशभेदावर जाडजूड पुस्तक काढलं, त्यात त्याचा लेख होता. हार्वर्डचा शिक्का असलेला शास्त्रज्ञ आपल्या बाजूने आहे, याहून त्यांना आणखी काय हवं होतं?

१८५० मध्ये तो साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात गेला. आपल्या मताला पुरावा हवा म्हणून तिथल्या मळ्यांवरच्या गुलाम माणसांचे फोटो काढायचं ठरलं. जोसेफ झीली या छायाचित्रकाराने ते काढले. पाच पुरुष, दोन स्त्रिया. कपडे उतरवून, समोरून, बाजूने, जसे माशांचे नमुने मांडतात तसे. त्यात रेंटी नावाचा एक माणूस होता. त्याची मुलगी डेलिया होती. त्यांना कुणी परवानगी विचारली नव्हती.

१८६३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना, गुलामीतून सुटलेल्या लोकांचं पुढे काय करावं यासाठी सरकारी आयोग नेमला होता. त्यांनी अगासीचं मत मागवलं. कृष्णवर्णीयांना सामाजिक समानता देऊ नये, हा त्याचा सल्ला होता.

डार्विनचं पुस्तक १८५९ मध्ये आलं. अगासीने ते मरेपर्यंत मान्य केलं नाही. त्याचे बहुतेक विद्यार्थी आणि खुद्द मुलगा अलेक्झांडर मात्र उत्क्रांतीच्या बाजूला गेले. त्याने शिकवलं होतं, नीट बघा. त्यांनी नीट बघितलं आणि त्यांना गुरुजींपेक्षा वेगळं दिसलं.

इकडे साताऱ्याची माणसं काय करत होती?

हे वाचताना वाटेल, तो काळच तसा होता. पण मग त्याच काळातल्या आपल्या माणसांकडे बघा.

सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. अगासी कोलंबियात फोटो काढून घेत होता, त्याच्या दोन वर्षं आधी, १८४८ मध्ये, या दोघांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली होती. ज्यांना शिकायची बंदी होती त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल देण्याचं काम. त्यासाठी शेण-दगडांचा मार खावा लागला, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायची गरज नाही.

१८७३ मध्ये जोतीरावांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक आलं. ते त्यांनी कुणाला अर्पण केलं? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या चांगल्या लोकांना. म्हणजे अमेरिकेला कधीही न गेलेल्या, मुळात साताऱ्याकडच्या या माणसाला रेंटी आणि डेलियासारख्यांचं दुःख दिसत होतं. आणि ज्याने त्यांना समोर उभं करून बघितलं, त्या शास्त्रज्ञाला दिसलं नाही.

शेवटचा उन्हाळा

तेच वर्ष, १८७३. अगासी ६६ वर्षांचा झाला होता, तब्येत खालावली होती. न्यूयॉर्कचा व्यापारी जॉन अँडरसनने त्याला मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळचं पेनिकीज नावाचं बेट आणि ५० हजार डॉलर दिले. तिथे त्याने उन्हाळी शाळा काढली. ८ जुलैला वर्ग सुरू झाले. इमारत पूर्ण नव्हती म्हणून जुन्या गोठ्याची डागडुजी करून तिथेच वर्ग भरला. वर आढ्याला पाकोळ्यांची घरटी, खाली सुमारे पन्नास विद्यार्थी.

आणि हे विद्यार्थी कोण? बहुतेक शाळा-कॉलेजातले शिक्षक आणि शिक्षिका. पुरुष आणि बायका एकत्र, हे तेव्हा नवलच. समुद्रातून प्राणी आणायचे, बघायचे, कापायचे, चित्र काढायचं, फळ्यावर समजावून घ्यायचं. आपापल्या गावी परत गेल्यावर मुलांना असंच शिकवायचं, ही त्यामागची कल्पना. आजच्या भाषेत शिक्षक प्रशिक्षण शिबिर.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला अगासी गेला. शाळा आणखी एक उन्हाळा चालली आणि बंद पडली. पण तिथे शिकलेल्या चार्ल्स व्हिटमनने पुढे, १८८८ मध्ये सुरू झालेल्या वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेचं पहिलं संचालकपद सांभाळलं. ती प्रयोगशाळा आजही जगातल्या नामांकित सागरी संशोधन केंद्रांपैकी एक आहे. दोन्ही हातांत खडू घेऊन एकाच वेळी चित्र काढणारा त्याचा दुसरा विद्यार्थी एडवर्ड मोर्स १८७७ मध्ये जपानला गेला आणि एनोशिमाच्या किनाऱ्यावर त्याने समुद्री जिवांचा अभ्यास सुरू केला.

नाव कुणाचं राहिलं?

अगासीच्या थडग्यावर स्वित्झर्लंडच्या हिमनदीतून आणलेला मोठा दगड आहे. १९०६ च्या भूकंपात स्टॅनफर्ड विद्यापीठातला त्याचा पुतळा वरून खाली डोक्यावर पडला, तो फोटो आजही व्हायरल होत असतो.

१९७६ मध्ये हार्वर्डच्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर रेंटी, डेलिया आणि इतरांचे ते फोटो सापडले. २०१९ मध्ये रेंटीची वंशज असल्याचं सांगणाऱ्या एका महिलेने त्या फोटोंसाठी हार्वर्डवर खटला भरला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि हे फोटो चार्ल्सटनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. ज्या राज्यात ते काढले गेले, त्याच राज्यात.

आणि शेवटची गोष्ट शाळेचीच. अगासी राहायचा त्या केंब्रिजमध्ये त्याच्या नावाची शाळा होती. एका विद्यार्थ्याने त्याचे वंशाबद्दलचे विचार वाचले आणि नाव बदलायची मागणी लावून धरली. २००२ मध्ये नाव बदललं. नवं नाव मारिया बाल्डविन यांचं. या कृष्णवर्णीय बाई एकोणिसाव्या शतकात त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर खडूचा निळा देवमासा आला, तर नुसता अंगठा देऊन पुढे जाऊ नका. शेपटी आडवी काढलीय का बघा. आणि त्या फळ्यासमोर कोण कोण बसलंय, तेही बघा. साताऱ्या-सांगलीच्या त्या वर्गात आज सगळ्या घरांतली पोरं एका ओळीत बसून तोच मासा आपापल्या वहीत उतरवत असतात. अगासीला समुद्र दिसला होता, ही ओळ मात्र दिसली नाही.